मुलाच्या बुद्ध्यांकाचा रिपोर्ट कसा वाचायचा: आकडा सगळ्यात शेवटी

आपल्या सोलापुरात नेहमी दिसतं ते असं. वर्गातल्या बाई म्हणतात, "एकदा आयक्यू करून घ्या." तीन-चार चकरा होतात आणि दोन-तीन पानांचा रिपोर्ट हातात पडतो. मग घरातले सगळे थेट शेवटच्या पानावर जातात. तिथे ठळक अक्षरात ८२ किंवा ११४ लिहिलेलं असतं. आजी विचारते, "म्हणजे पास का नापास?"

हा रिपोर्ट उलट क्रमाने वाचायचा असतो. आधी मुलाची जन्मतारीख, मग चाचणीचं नाव, मग ती कोणत्या भाषेत घेतली आणि त्या दिवशी मूल कसं वागलं, आणि आकडा सर्वांत शेवटी. वरच्या चारांपैकी एकही गोष्ट चुकलेली असेल, तर आकडा कितीही ठळक छापलेला असला तरी त्यावर काही ठरवता येत नाही.

जन्मतारीख

बुद्ध्यांक (आयक्यू) म्हणजे मुलाची त्याच्याच वयाच्या मुलांशी केलेली तुलना. त्यामुळे वय चुकलं की सगळंच चुकतं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख ठोकून देण्याची जुनी सवय होती. आता जन्मदाखला मागतात, तरीही शाळेची तारीख आणि खरी तारीख वेगळी असलेली मुलं अजून सापडतात.

फरक किती पडतो ते पाहा. बिने-कामतसारख्या जुन्या पद्धतीच्या चाचणीत मानसिक वयाला (मूल कोणत्या वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं, ते वय) खऱ्या वयाने भागून शंभरने गुणतात. समजा मुलाचं मानसिक वय ६ वर्षं, म्हणजे ७२ महिने आलं. खरं वय ७ वर्षं (८४ महिने) असेल, तर बुद्ध्यांक ८६ येतो. कागदावर वय ७ वर्षं ८ महिने (९२ महिने) लागलं, तर तोच बुद्ध्यांक ७८ होतो. मूल तेच आणि उत्तरंही तीच, आठ गुण फक्त तारखेने खाल्ले. म्हणून चाचणीला जाताना महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला बरोबर ठेवा. रिपोर्टवरची जन्मतारीख, चाचणीची तारीख आणि वर्षं-महिन्यांत लिहिलेलं वय, तिन्हींचा मेळ स्वतः बसवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

चाचणी कोणती होती

"आयक्यू टेस्ट" नावाची एकच चाचणी नाही. आपल्याकडे साधारण पुढची नावं दिसतात.

बिने-कामत: डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास स्टॅनफर्ड-बिने या अमेरिकी बुद्धिचाचणीचं मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केलं. मराठी आणि कन्नड ही जोडी पाहिली तर ही चाचणी जणू सोलापूरसाठीच बेतलेली वाटते. मात्र तिचे निकष (ज्या मुलांशी तुलना करतात त्यांचे आकडे) फार जुने आहेत आणि तिचा भर बोलून उत्तर देण्यावर आहे. प्रश्न वयवार लावलेले असतात. मूल ज्या वयाचे सगळे प्रश्न सोडवतं तो पाया धरतात आणि पुढच्या वयांच्या सुटलेल्या प्रश्नांचे महिने त्यात मिळवतात.

मलिन: डॉ. आर्थर मलिन यांनी नागपुरात वेक्सलर या मुलांच्या अमेरिकी बुद्धिचाचणीवरून ही बेतली आणि १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वय ६ ते जवळजवळ १६. शाब्दिक उपचाचण्या सहा: माहिती, समज, गणित, साम्य, शब्दसंग्रह, अंक लक्षात ठेवणं. कृतीच्या पाच: चित्रातला राहिलेला भाग ओळखणं, ठोकळ्यांची नक्षी, तुकडे जुळवणं, चिन्हं भरणं आणि चक्रव्यूह. ही चाचणी नीट घेतली तर दोन तास सहज जातात. कोणी अर्ध्या तासात "मलिन झाली" म्हणत असेल, तर किती उपचाचण्या घेतल्या ते विचारा.

वेक्सलरची भारतीय चौथी आवृत्ती: २०१२ ची, त्यामुळे निकष त्यामानाने ताजे. यात एकूण आकड्याबरोबर चार निर्देशांकही येतात: भाषिक आकलन, दृश्य तर्क, कार्यस्मृती (काम करता करता गोष्टी डोक्यात धरून ठेवणं) आणि काम उरकण्याचा वेग. ते चार एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

रेव्हन: नक्षीतला राहिलेला तुकडा शोधायचा. लहान मुलांसाठी रंगीत, ३६ प्रश्नांची. बोलावं लागत नाही, म्हणून सोयीची. पण ती एकाच प्रकारचा तर्क मोजते. नुसत्या रेव्हनवर कोणी "बुद्धिमत्ता उत्तम" किंवा "कमी" लिहिलं, तर ते एका विषयाच्या मार्कांवरून सबंध प्रगतिपुस्तक भरण्यासारखं झालं.

सेग्विन फॉर्म बोर्ड: लाकडी पाटीत दहा आकार बसवायचे, तीनदा, आणि सगळ्यात कमी वेळ धरायचा. लहान किंवा न बोलणाऱ्या मुलासाठी अंदाज म्हणून ठीक. शाळेतल्या मुलाचा बुद्ध्यांक एवढ्यावर ठरवू नये.

आणि व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल. ही बुद्धीची चाचणी नव्हेच. यात ८९ बाबी असतात आणि त्यांची उत्तरं मूल नाही, पालक देतात: हाताने जेवतो का, स्वतः कपडे घालतो का, दुकानातून सामान आणतो का. त्यातून सामाजिक वय आणि सामाजिक गुणांक निघतो. काही रिपोर्टांत हा गुणांकच "आयक्यू" या मथळ्याखाली चिकटवलेला असतो. तसं दिसलं तर दुरुस्त करून मागा.

इथे आयांकडून एक चूक हमखास होते, आणि ती मायेपोटीच होते. दहा वर्षांच्या मुलाला अजून हाताने भरवतात, एकट्याला रस्ता ओलांडू देत नाहीत. मग प्रत्येक प्रश्नाला "नाही हो, त्याला नाही जमत" असं उत्तर जातं आणि गुणांक खाली येतो. उलट काही घरांत चारचौघांत कमीपणा नको म्हणून सगळ्यालाच "हो" म्हणतात. मूल रोज स्वतःहून काय करतं तेवढंच सांगा. कधी करूच दिलं नसेल, तर तेही स्पष्ट सांगा.

आता जुन्या निकषांबद्दल. संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतल्या सरासरी बुद्ध्यांकात सुमारे १४ गुणांची वाढ झाली, म्हणजे दशकाला तीनेक गुण. त्यामुळे जुन्या निकषांची फूटपट्टी आजच्या मुलाला उंच दाखवू शकते. मुलाचे बिने-कामतवर १०५ आणि दोन वर्षांनी नव्या वेक्सलरवर ९४ आले, तर मुलाची बुद्धी घसरली असं नाही. फूटपट्टी बदलली. दोन वेगवेगळ्या चाचण्यांच्या आकड्यांची वजाबाकी करू नका.

भाषा: सोलापुरात हा प्रश्न टाळून चालतच नाही

या शहरात एकाच गल्लीत घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि दुकानात कन्नड चालते. यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर पोट असलेल्या कित्येक तेलुगू घरांतली मुलं मराठी माध्यमात शिकतात. उर्दू बोलणाऱ्या घरातलं मूल इंग्रजी माध्यमात असतं. अक्कलकोटकडच्या गावातलं मूल आजीशी कन्नडच बोलतं. अशा मुलाला प्रमाण मराठीतून शब्दांचे अर्थ विचारले, की चाचणी बुद्धीची राहत नाही, भाषेची होते.

एक बनवलेलं उदाहरण घ्या (खऱ्या चाचणीतले प्रश्न छापायचे नसतात). "उदार म्हणजे काय?" मूल म्हणतं, "दुकानातनं पैसे न देता आणतो ते." मुलाने "उधार" ऐकलं. त्याला व्यवहार चांगला कळतो, पण कागदावर शून्य पडतो. असे चार-पाच शून्य जमले की शाब्दिक गुणांक खाली बसतो.

म्हणून चाचणीच्या आधीच सांगून ठेवा: घरात कोणती भाषा, मित्रांत कोणती, मूल चिडलं की कोणत्या भाषेत भांडतं. ही शेवटची खूण फसवत नाही. त्या भाषेत चाचणी घेणारे मिळत नसतील, तर कृतीच्या आणि बिनबोलीच्या उपचाचण्यांना जास्त वजन द्यायला सांगा आणि रिपोर्टात तशी ओळ मागून घ्या. दुभाषी म्हणून आई-वडिलांनी शेजारी बसू नये. प्रश्नाचा अनुवाद करताना नकळत अर्धं उत्तर सांगून होतं.

याच कारणाने शाब्दिक आणि कृतीचे गुणांक वेगवेगळे लिहून मागा. मलिनमध्ये एकूण बुद्ध्यांक या दोघांच्या सरासरीने निघतो. शाब्दिक ७९ आणि कृती १०५ असेल तर एकूण ९२ येतो आणि सगळे म्हणतात, "सर्वसाधारण आहे, अभ्यास करत नाही एवढंच." पण ९२ ची पातळी त्या मुलात कुठेच नाही. हातात काम दिलं तर ते व्यवस्थित चालतं, शब्द आले की अडतं. एवढी तफावत दिसली की पहिली शंका भाषेची, दुसरी कानाची आणि तिसरी वाचन-लेखनातल्या अडचणीची. तफावत उलटी असेल, बोलण्यात हुशार आणि ठोकळ्यांत मागे, तर डोळे, हाताची पकड आणि वेळेचं दडपण पाहायचं. कृतीच्या बहुतेक उपचाचण्या घड्याळ लावून घेतात.

आता आकडा

सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरून आजच्या चाचण्या बांधलेल्या असतात. म्हणजे शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ मध्ये आणि ९५ मुलं ७० ते १३० मध्ये येतात. बुद्ध्यांक ९० म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्याच वयाची शंभर मुलं आकड्याच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी केली आणि खालून मोजलं, तर ९० वालं मूल २५ व्या जागेच्या आसपास उभं राहतं. ८५ वालं १६ व्या, ११० वालं ७५ व्या, ११५ वालं ८४ व्या आणि १३० वालं ९८ व्या. रिपोर्टात याला शततमक म्हणतात. वर्गातल्या गुणांची सवय असल्याने ही गफलत शिकलेल्या घरांतही होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा आकडा टिंब नसतो, पट्टा असतो. चांगल्या चाचणीची विश्वासार्हता (पुन्हा मोजलं तरी तसाच आकडा येण्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९५ धरली, तर मोजमापाची प्रमाण चूक ३.३ च्या आसपास येते. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्ही बाजूंना साडेसहा-सात गुण सोडावे लागतात. म्हणजे "बुद्ध्यांक ८४" याचा प्रामाणिक अर्थ "७७ ते ९१ च्या दरम्यान कुठेतरी". निम्म्याच उपचाचण्या घेतलेल्या चाचणीत हा पट्टा आणखी रुंद होतो. रिपोर्टात पट्टा लिहिलेला नसेल तर "मॅडम, याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल किती?" असं विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, चांगल्या तज्ज्ञाला तो आवडतो.

भावंडांची तुलना इथेच बाद होते. थोरल्याचे ९८ आणि धाकटीचे १०३, यात हुशार कोण हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलाचा आकडा तर आणखी सैल धरा. त्या वयात विकासाचा वेग मोजला जातो आणि तो पुढे बराच बदलतो. सात-आठ वर्षांनंतर आकडा स्थिरावतो, तरी एखाद्या मुलात पुढे दहा-पंधरा गुणांचा फरक पडू शकतो.

८५ ची रेघ

पालकांची खरी दमछाक इथे होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली केंद्राने २०१८ मध्ये मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन, गणित यांतल्या खास अडचणीची) पुढची तपासणी करायची, तर बुद्ध्यांक ८५ च्या वर हवा होता. बौद्धिक दिव्यांगतेची टक्केवारी मात्र बुद्ध्यांकाने नाही, व्हाइनलँडच्या गुणांकाने ठरायची: ५५ ते ६९ ला ५० टक्के, ७० ते ८४ ला, म्हणजे सीमारेषेवर, २५ टक्के. कायद्यातल्या बहुतेक लाभांना ४० टक्के लागतात. या सूचनांच्या जागी २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या.

२०१८ च्या नियमाने ८१ बुद्ध्यांकाचं मूल घ्या. अध्ययन अक्षमतेला त्याचा बुद्ध्यांक कमी पडायचा आणि व्हाइनलँडवर ते ७० च्या वर आलं तर बौद्धिक दिव्यांगतेचे ४० टक्केही भरायचे नाहीत. दोन्ही खिडक्यांवरून परत. आणि आपण आताच पाहिलं की ८१ म्हणजे ७४ ते ८८. मोजणीची चूक चौदा गुण रुंद आणि नियमाची रेघ एका गुणाची, हा या व्यवस्थेतला उघड दोष आहे. पण रेघ कुठलीही असो, त्यातूनच वाट काढावी लागते.

वाट अशी. शाब्दिक आणि कृतीत मोठी तफावत असेल, तर एकूण आकडा ग्राह्य धरता येतो का याचं लेखी मत तज्ज्ञांकडून घ्या. कान-डोळे तपासलेले नसतील, तर आधी ते करा. चाचणी मुलाच्या भाषेत झाली नसेल, तर फेरचाचणीसाठी ते ठोस कारण आहे. "आकडा आवडला नाही" हे नाही. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी चालू निकष कोणता हे प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयातच विचारा. सिव्हिलला जायचं तर कोणत्या वारी मनोविकार विभागाची तपासणी असते ते आधी विचारून घ्या, नाहीतर बार्शी-मंगळवेढ्याहून आलेल्या माणसाचा दिवस आणि मजुरी दोन्ही जाते. दहावी-बारावीला जादा वेळ किंवा लेखनिक प्रमाणपत्रावर मिळतो, खासगी रिपोर्टावर नाही. तेव्हा नववीतच हालचाल करा.

प्रमाणपत्र मिळालं नाही, तरी वर्गात पुढे बसवणं, फळ्यावरचं उतरवायला वेळ देणं, तोंडी उत्तर घेणं यासाठी शाळेला कोणताही कागद लागत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावता येत नाही. "आयक्यू रिपोर्ट आणा, मग प्रवेश" असं कोणी म्हणालं, तर ते लेखी मागा. बहुधा तिथेच विषय संपतो.

चाचणीला नेण्याआधी

कानातून पू येत असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, मूल मधेच काही क्षण टक लावून थांबत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर आधी डॉक्टर, मग चाचणी. फिटच्या काही औषधांनी मूल सुस्तावतं. औषध बंद करू नका, पण नाव आणि डोस तज्ज्ञांना सांगा. चष्मा घरी विसरला तर त्या दिवशी चाचणी घेऊच नका.

वेळ सकाळची घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा बेचाळीसवर असताना पत्र्याखालच्या खोलीत मोठ्या माणसाचंही डोकं चालत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत फिरलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी नेऊ नका. नाश्ता पोटभर, पाण्याची बाटली बरोबर. दोन तासांची चाचणी दोन दिवसांत विभागून घेता येते, तसं मागा.

बरोबर न्यायचं: जन्मदाखला, दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, मराठी आणि गणिताची चालू वही (फेअर नव्हे, कच्ची), आधीचे सगळे रिपोर्ट.

मुलाला "परीक्षा आहे, चुकू नको" असं सांगू नका. "काही कोडी असतील, काही सोपी, काही मोठ्यांनाही न येणारी" एवढं पुरे. इंटरनेटवर प्रश्न शोधून सराव करून घेतला, तर आकडा वाढतो आणि निरुपयोगी होतो. त्याच कारणाने तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेत नाहीत. दुसऱ्या खेपेला ठोकळ्यांसारख्या कामात सरावाचे गुण मिळतात.

चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे का ते पाहा. रिपोर्टावर सहीखाली नोंदणी क्रमांक असतो. बोटांचे ठसे घेऊन मुलाची "जन्मजात बुद्धिमत्ता" सांगणारे, मोबाइलवर दहा मिनिटांत आयक्यू देणारे, डोळे बांधून वाचायला शिकवणारे क्लास यांतलं काहीही बुद्धी मोजत नाही. तिथे घालवलेल्या हजारोंत कानाची तपासणी आणि चष्मा दोन्ही होऊन वर पैसे उरले असते.

रिपोर्ट घेताना टेबलावरच विचारायचे प्रश्न

त्या दिवशी मूल मन लावून करत होतं का? लाजत होतं का, "माहीत नाही" पटकन म्हणत होतं का? सगळ्यात चांगली उपचाचणी कोणती आणि सगळ्यात कच्ची कोणती? लक्ष कमी पडलं की समज? वाचन-लेखनाची वेगळी तपासणी हवी का? शाळेत उद्यापासून नेमकं काय बदलायचं? पुन्हा कधी पाहायचं?

या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं रिपोर्टात लिहून घ्या. "विशेष लक्ष द्यावे" ही ओळ शाळेच्या काही कामाची नसते. "अंक लक्षात ठेवण्यात कच्चा, म्हणून एका वेळी एकच सूचना द्यावी" ही ओळ बाई दुसऱ्याच दिवसापासून वापरू शकतात.

या चाचण्या अभ्यासाला लागणारी समज बऱ्यापैकी पकडतात. चिकाटी, हातातली कला, माणसं सांभाळणं, गाणं, बाजारातली हुशारी त्यांत येत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली, ती शाळेत मदतीची गरज असलेली मुलं शोधायला. मुलांवर कायमचा शिक्का मारायला त्यांचा विरोधच होता.

मूळ रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घरी ठेवा, शाळेला झेरॉक्स द्या आणि तीही मुख्याध्यापकांच्या हातात. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. फोल्डरच्या आत पेन्सिलने चाचणीचं नाव, तारीख, भाषा आणि फेरतपासणीचा महिना लिहून ठेवा. पुढच्या तज्ज्ञांचा पहिला प्रश्न तोच असतो.